सुई सुटेल का? टाइप वन मधुमेहावरचं नवं संशोधन आणि आपली मुलं

मागच्या महिन्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक आई मोबाईल घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला तीन वर्षांपासून टाइप वन मधुमेह आहे. रोज चार सुया. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. आई म्हणाली, "सिस्टर, यात सांगतात की शुगर कायमची बरी होते. चीनमधल्या एका बाईची झाली म्हणे. एक माणूस म्हणतो, आपल्याकडेही दोन लाखात करून देतात. मंगळसूत्र मोडू का?"

व्हिडिओतली चीनची बातमी खोटी नव्हती. दोन लाखांची गोष्ट मात्र शुद्ध फसवणूक होती. खरं आणि खोटं असं एकत्र कालवून दिलं की शिकलेला माणूससुद्धा फसतो, मग पोटच्या पोरीसाठी जीव टाकणाऱ्या आईला काय दोष द्यायचा? म्हणून या वेळच्या पानावर हाच विषय घेतला आहे. टाइप वन मधुमेहावर जगात नेमकं काय नवीन घडलं, ते कुठवर आलं आणि आपण आज घरात काय करायचं, हे क्रमाने पाहू.

हा आजार कोणता?

आपल्या वस्तीत 'शुगर' म्हटलं की चाळिशी-पन्नाशीतली माणसं डोळ्यांपुढे येतात. तो बहुतेक वेळा टाइप टू मधुमेह असतो. त्यात शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण पुरत नाही किंवा नीट काम करत नाही. टाइप वन वेगळा आहे. तो बहुधा लहान मुलांना आणि तरुणांना होतो, मात्र कोणत्याही वयात होऊ शकतो.

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. भाकरी, भात, फळं यांची रक्तात साखर होते आणि ती साखर शरीराच्या पेशींच्या आत नेण्याचं काम इन्सुलिन करतं. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती या बीटा पेशींना शत्रू समजून मारत सुटते. राखणीला ठेवलेल्या माणसानेच घरातली माणसं मारावीत, तसं हे आहे. बहुतेक बीटा पेशी संपल्या की इन्सुलिन जवळजवळ बंद होतं. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साठतं आणि उपचार मिळाला नाही तर काही दिवसांत जीव जातो.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगते. मुलाने गोड जास्त खाल्लं म्हणून हा आजार होत नाही. आईच्या गरोदरपणातल्या चुकीने होत नाही आणि मागच्या जन्माच्या पापाने तर मुळीच होत नाही. दुसरं म्हणजे, हा संसर्गाने पसरत नाही. शाळेत अशा मुलाला वेगळं बसवायचं काहीच कारण नाही. बहुतेक मुलांच्या घरात आधी कुणाला हा आजार नसतोच.

आणि हा श्रीमंतांचा आजार नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना टाइप वन मधुमेह आहे. कुठल्याही देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

शंभर वर्षांपूर्वी

१९२१पर्यंत या आजाराला औषध नव्हतं. डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवत. त्या वर्षी कॅनडातल्या टोरंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून अर्क वेगळा काढला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. पेटंट त्यांनी टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. हे औषध सगळ्यांना मिळावं, हा हेतू होता.

बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. त्या दिवशी जागतिक मधुमेह दिन असतो. आपल्याकडे तोच बालदिन.

इन्सुलिनने मुलं जगली, पण आजार गेला नाही. इन्सुलिन जे कमी आहे ते भरून काढतं, पेशींवरचा हल्ला थांबवत नाही. गेल्या काही वर्षांत संशोधकांनी तीन वाटा धरल्या आहेत. हल्ला सुरू झाल्याचं आधीच ओळखून तो लांबवणं, उरलेल्या पेशी वाचवणं आणि मेलेल्या पेशींच्या जागी नव्या बसवणं.

पहिली वाट : आजाराला आधीच गाठणं

पूर्वी वाटायचं की टाइप वन अचानक होतो. तसं नाही. लक्षणं दिसण्याच्या कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं आधी हल्ला सुरू झालेला असतो. त्याच्या खुणा रक्तात सापडतात. त्यांना ऑटोअँटिबॉडी म्हणतात. अशा दोन किंवा जास्त खुणा सापडल्या आणि साखर नॉर्मल असली तर तो आजाराचा पहिला टप्पा. साखर थोडी बिघडू लागली की दुसरा. तहान, लघवी, वजन घटणं सुरू झालं की तिसरा. आपल्याकडे मूल दवाखान्यात येतं ते तिसऱ्या टप्प्यात आणि बऱ्याचदा बेशुद्ध होऊनच.

लहान मुलांमध्ये दोन किंवा अधिक खुणा सापडल्या तर त्यांतल्या दहापैकी सुमारे सात मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो, असं मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. इटलीने २०२३मध्ये कायदा करून १ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून मंजूर केली. फायदा असा की आईबापांना आधीच कळतं, मूल आयसीयूत जाण्याची वेळ टळते.

आधी कळून उपयोग काय, असं विचाराल. त्याचं उत्तर टेप्लिझुमॅब या औषधाने दिलं. हे औषध हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना थंड करतं. रोज एकदा सलाईनमधून, असं १४ दिवस द्यायचं. घरात कुणाला टाइप वन असलेल्या आणि स्वतः दुसऱ्या टप्प्यात असलेल्या ७६ जणांवर त्याची चाचणी झाली. ४४ जणांना खरं औषध आणि ३२ जणांना नुसतं पाणी दिलं. ज्यांना पाणी दिलं त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना सुमारे दोन वर्षांत मधुमेह झाला. औषधवाल्यांत तेवढ्याच प्रमाणाला सुमारे चार वर्षं लागली. म्हणजे साधारण दोन वर्षं आजार लांबला. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आठ वर्षांवरच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्याला मान्यता दिली. टाइप वन लांबवणारं जगातलं हे पहिलं मान्यताप्राप्त औषध.

दोन वर्षं कमी वाटतात. पण सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला चार सुया टोचणारी आई विचारून बघा. दोन वर्षांत मूल वाढतं, बोलायला लागतं, 'मला चक्कर येतेय' हे सांगू शकतं. त्या दोन वर्षांत सुमारे तीन हजार सुया वाचतात.

मात्र हे औषध आजार बरा करत नाही. पुरळ, डोकेदुखी, पांढऱ्या पेशी काही काळ कमी होणं असे त्रास होतात. आणि किंमत? अमेरिकेत १४ दिवसांच्या कोर्सची किंमत सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर ठरली. तेव्हाच्या दराने दीड कोटी रुपयांहून जास्त. एक डॉलरला पेटंट देणाऱ्यांच्या मागून शंभर वर्षांनी आपण इथे आलो आहोत.

दुसरी वाट : उरलेल्या पेशी वाचवणं

आजार नुकताच कळला तेव्हा स्वादुपिंडात थोड्या बीटा पेशी जिवंत असतात. म्हणूनच काही मुलांना सुरुवातीला इन्सुलिन खूप कमी लागतं. घरच्यांना वाटतं, आजार गेला. तो गेलेला नसतो, राहिलेल्या पेशी काम करत असतात. हा काळ लांबवता आला तर साखर सांभाळणं सोपं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये बॅरिसिटिनिब या गोळीची चाचणी झाली. ही गोळी मुळात सांधेवातासाठी वापरतात. १० ते ३० वर्षांच्या, आजार नुकताच कळलेल्या ९१ जणांनी चाचणीत भाग घेतला. गोळी घेणाऱ्यांचं स्वतःचं इन्सुलिन ४८ आठवड्यांनंतर जास्त टिकलेलं दिसलं. २०२३च्या डिसेंबरमध्ये हे निष्कर्ष छापून आले. सुई पूर्ण सुटली नाही, पण हल्ला गोळीनेही आवरता येतो हे दिसलं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ८८ मुलांवरच्या चाचणीत वेरापामिल या रक्तदाबाच्या जुन्या, स्वस्त गोळीनेही वर्षभरानंतर स्वतःचं इन्सुलिन सुमारे ३० टक्के जास्त टिकलेलं आढळलं. वाचून कुणी मेडिकलमधून गोळी आणायला जाऊ नका. ती हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करते. चाचणीतल्या मुलांवर डॉक्टरांची सतत नजर होती आणि इन्सुलिन त्यांचंही चालूच होतं.

तिसरी वाट : नव्या पेशी बसवणं

व्हिडिओतली बातमी या वाटेवरची आहे.

२००० साली कॅनडातल्या एडमंटन शहरात डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके काढले आणि सात रुग्णांच्या यकृतात नळीवाटे सोडले. सातही जणांची सुई सुटली. जगभर गाजावाजा झाला. पण पाच वर्षांनी पाहिलं तर अशा बहुतेक रुग्णांना पुन्हा इन्सुलिन लागत होतं. शिवाय नवीन पेशी शरीराने मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागत. दाते तर कायमच अपुरे.

दात्यांची अडचण सोडवायला संशोधकांनी मूळपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा मार्ग घेतला. या पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते. व्हर्टेक्स या अमेरिकन कंपनीने प्रयोगशाळेत अशा पेशींपासून इन्सुलिन बनवणारे पुंजके तयार केले. त्याला झिमिस्लेसेल नाव दिलं. साखर अचानक धोकादायक खाली जाणाऱ्या आणि ती गेल्याचं स्वतःला कळत नसलेल्या रुग्णांनाच ते दिलं. जून २०२५मध्ये निष्कर्ष आले. पूर्ण डोस मिळालेल्या आणि किमान वर्षभर पाहिलेल्या १२ जणांपैकी १० जणांना बाहेरचं इन्सुलिन लागत नव्हतं. बाराही जणांचे साखर घसरण्याचे गंभीर झटके थांबले.

ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्याच अहवालात हेही आहे की चाचणीत सहभागी झालेल्या १४ जणांपैकी दोघे मरण पावले. एक बुरशीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराने, दुसरा आधीपासूनच्या मेंदूच्या आजाराने. त्या पेशींनी हे मृत्यू झाले असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीराला बुरशी, टीबी, इतर जंतू पटकन धरतात. दाटीवाटीच्या, टीबी असलेल्या आपल्या वस्त्यांत अशी औषधं आयुष्यभर घेणं म्हणजे काय, हे मी नर्स म्हणून सांगायला नको.

चीनमधली ती बाई पंचवीस वर्षांची. तियानजिन शहरात डॉक्टरांनी तिच्याच चरबीतल्या पेशी रसायनांनी मूळपेशींत बदलल्या, त्यांपासून इन्सुलिन बनवणारे पुंजके केले आणि पोटाच्या स्नायूंजवळ बसवले. अडीच महिन्यांनी तिची सुई सुटली आणि वर्षभरानंतरही लागली नाही. सप्टेंबर २०२४मध्ये हे जाहीर झालं. व्हिडिओ एक गोष्ट सांगत नाही. तिचं आधी यकृत बदललेलं होतं, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं ती घेतच होती. स्वतःच्या पेशी असल्या तरी टाइप वनचा मूळ हल्ला त्यांच्यावर पुन्हा होतो का, हे तिच्यावरून कळू शकत नाही. आणि एका माणसाचा अनुभव म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नव्हे.

ही औषधंच टाळता येतील का? स्वीडनमधल्या उप्सालाच्या डॉक्टरांनी दात्याच्या पेशींमधली जनुकं अशी बदलली की प्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखूच येऊ नयेत. त्या एका रुग्णाच्या दंडाखालच्या स्नायूत टोचल्या. त्याला ३७ वर्षांपासून आजार होता. कुठलंही दाबणारं औषध न देता बारा आठवड्यांनंतरही पेशी जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. ऑगस्ट २०२५मध्ये हे छापून आलं. पेशी मुद्दाम थोड्याच दिल्या होत्या, त्यामुळे त्याची सुई सुटली नाही. पण मला विचाराल तर सगळ्यात आशेची बातमी हीच आहे.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं

गाईच्या दुधामुळे टाइप वन होतो, असं बरीच वर्षं बोललं जायचं. ते तपासायला अनेक देशांतल्या दोन हजारांहून जास्त बाळांवर मोठी चाचणी झाली. काही बाळांना दुधातली प्रथिनं तोडून बनवलेलं खास अन्न दिलं. २०१८मध्ये निष्कर्ष आला : काही फरक पडला नाही. म्हणून कुणी 'दूध बंद करा, मधुमेह होणार नाही' म्हणालं तर ऐकू नका. टाइप वन टाळणारा पथ्याचा, काढ्याचा, योगासनांचा कुठलाही उपाय आजवर सिद्ध झालेला नाही.

फसवणुकीचा बाजार

मुलांच्या वॉर्डात ड्युटीला असताना एक बारा वर्षांचा मुलगा आला होता. दोन वर्षं इन्सुलिनवर छान चालला होता. कुणीतरी वडिलांना सांगितलं, 'सुई बंद करा, माझा काढा द्या, महिन्यात मुळापासून जाईल.' चौथ्या दिवशी मुलगा आला तेव्हा जोरजोरात श्वास घेत होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. पहाटे गेला. वडील माझा हात धरून विचारत होते, 'सिस्टर, मी पैसे पण दिले होते हो.' तो आवाज अजून कानात आहे.

आता काढ्याच्या जागी 'स्टेम सेल' आलं आहे, नाव तेवढं इंग्रजी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना सरळ आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी आजारांत हा उपचार फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो तो चाचणी करत नाही, धंदा करतो. ही एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ घरं वाचतील.

आज आपल्या हातात काय आहे?

संशोधन आपल्या दारापर्यंत येईल तेव्हा आपलं मूल धडधाकट असायला हवं. त्यासाठी या गोष्टी :

१. लक्षणं ओळखा. सारखी तहान, सारखी लघवी, अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल पुन्हा करू लागणं, लघवीच्या जागी मुंग्या जमणं, खाऊनही वजन उतरणं, थकवा. सोबत उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास असेल तर तासाचाही उशीर नको. अशा वेळी 'पोट बिघडलंय' म्हणून सलाईन लावून घरी पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. डॉक्टरांना स्वतःहून म्हणा, "बोटातून रक्त घेऊन शुगर बघा." एका थेंबाचं काम आहे.

२. इन्सुलिन कधीही बंद करू नका. ताप आला, उलट्या झाल्या, मूल जेवलं नाही, तरीही नाही. आजारपणात उलट शुगर जास्त वेळा तपासावी लागते. डोस डॉक्टरांना विचारून बदला.

३. घरात फ्रिज नाही म्हणून घाबरू नका. मातीचं छोटं मडकं ओल्या वाळूत ठेवा, बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून त्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं झाका. सावलीत, वारा लागेल अशा जागी. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीच नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

४. साखर घसरली तर घाम, थरथर, चिडचिड, चक्कर येते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. हिरड्यांवर थोडी साखर चोळा आणि थेट दवाखाना गाठा. शाळेतल्या बाईंनाही हे शिकवून ठेवा.

५. इन्सुलिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. सरकारी दवाखान्यात ते मागणं ही भीक नाही, हक्क आहे. 'संपलं' असं उत्तर आलं तर ते लिहून मागा. आशाताईला सोबत घ्या. एकट्या आईपेक्षा चार आया गेल्या की उत्तर बदलतं, हा माझा अनुभव आहे.

६. मुलीचा आजार लपवू नका. 'लग्न कसं होईल' म्हणून सुई चोरून घ्यायला लावणारी किंवा बंदच करणारी घरं आहेत. नीट उपचार घेणारी मुलगी शिकते, नोकरी करते, सुदृढ बाळाला जन्म देते.

७. आपली मुलं हडकुळी असतात, म्हणून एक सूचना. लहानपणीच्या कुपोषणातून होणारा मधुमेहाचा एक वेगळा प्रकार आहे. त्याला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५मध्ये 'टाइप फाइव्ह' म्हणून मान्यता दिली. बारीक तरुणाचा मधुमेह प्रत्येक वेळी टाइप वन नसतो. प्रकार कोणता, हे डॉक्टरांना जरूर विचारा, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो. मात्र तपासणी होईपर्यंत चालू इन्सुलिन थांबवू नका.

त्या आईचं मंगळसूत्र मोडलं नाही. दोन लाखवाल्याला फोन करून मी विचारलं, चाचणीचा नोंदणी क्रमांक सांगा. त्याने फोन ठेवला, पुन्हा उचलला नाही. मग आम्ही तिघी बसून हिशोब केला, महिन्याला शुगर तपासायच्या किती पट्ट्या लागतात आणि त्यांतल्या किती दवाखान्यातून मिळू शकतात.

निघताना मुलीनेच विचारलं, "सिस्टर, पण एक दिवस सुटेल ना सुई?"

मी म्हटलं, "कधी ते मला सांगता येणार नाही. पण शंभर वर्षांत पहिल्यांदाच शास्त्रज्ञ 'होय' म्हणायच्या जवळ आलेत. तोवर तू आजची सुई चुकवायची नाहीस. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि आईच्या पिशवीतून इन्सुलिनची डबी काढून घेतली. जेवायची वेळ झाली होती.